चाकोरीच्या मापाची गाडी

आमच्या गावात माणसं दोन प्रकारची होती. बंडी असलेली आणि बंडी मागणारी. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. आम्ही मागणारे होतो.

नदीकाठी आमची दीड एकराची वाडी होती. तिच्यात वांगी, मेथी, सांबार आणि वेलावरचे कोहळे व्हायचे. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगितलेलं बरं. माल चांगला यायचा, पण तो खपायचा तीन कोसांवरच्या वर्ध्याच्या बाजारात. पहिला कोस काळ्या मातीचा, मग फाटा, मग डांबरी सडक. सायकलच्या कॅरिअरवर दोन टोपली बसायची. बाकीच्यांसाठी बंडी लागायची, आणि ती शेजारच्या काकांकडे होती.

ती मागण्याची एक रीत होती. बाबा संध्याकाळी हातपाय धुऊन काकांच्या ओट्यावर जात. बंडीचा विषय लगेच काढायचा नसतो. आधी आभाळाचं बोलायचं. मग तंबाखू मळायची. मग काकांच्या जावयाची तब्येत, मग वांग्यावरची कीड. काका हे सगळं मन लावून ऐकत, जणू बाबा किडीची बातमी द्यायलाच आले आहेत. मग बाबा उठत, ओटा उतरत आणि फाटकापाशी आल्यावर, आताच आठवल्यासारखं मागं वळून म्हणत, "दादा, उद्या बंडी मोकळी हाये का?"

"हाये ना, घेऊन जा ना बापू," काका म्हणत. "पन..."

हा 'पन' आमच्या घरातला मोठा शब्द होता. आमच्या दोन घरांच्या मध्ये नुसता बांबूचा तट्टा होता, म्हणून आम्हाला इकडे सगळं ऐकू यायचं. 'पन' ऐकला की आई चुलीपुढे हात थांबवायची. पन डाव्या बैलाच्या खुराले लागलं हाये. पन जावई येऊन राह्यला. पन चाकाले वंगन नाई. काका वाईट माणूस मुळीच नव्हते. दहापैकी आठ वेळा बंडी मिळायची. मागावं मात्र दहाही वेळा लागायचं.

बाबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. एकदाच, वांगी झाडावर पिवळी पडत चालली होती तेव्हा, ते आईला म्हणाले, "एक दिस असा यावा का मांगाले जा न लागो." एवढंच. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं आणि परीक्षेतसुद्धा उठलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. पोळ्याला गावच्या मैदानात आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि सजवलेल्या बैलजोड्या त्याखालून जातात. दोन खांबांवर चढून ते तोरण दरवर्षी बाबाच बांधायचे, कारण त्यांची गाठ सुटत नसे. तोरण बांधून झालं की ते खाली उतरून बाजूला उभे राहायचे. तोरणाखालून ते कधी गेले नव्हते. जायला बैल लागतात.

ही सगळी गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरीची. मी पदवीधर झालो. आमच्या घराण्यातला पहिलाच, आणि गावातला दुसरा की तिसरा. गावाला माझं कौतुक होतं, पण त्या कौतुकाचं करायचं काय हे कोणालाच कळत नव्हतं, मलाही नाही. नोकरीचे अर्ज टाकले होते. उत्तर येईपर्यंत मी वाडीत पाणी धरत होतो. काका ओट्यावरून विचारायचे, "काय बी.एस्सी., वांग्याले इंग्रजीतून पानी देऊन राह्यला का?"

कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी मासिकं रद्दीत निघायची. तिथल्या ग्रंथपालांचा माझ्यावर लोभ होता. त्यांनी जाताना मला एक गठ्ठा बांधून दिला. त्यातल्या एका परदेशी मासिकात मला ते चित्र सापडलं. एक गोरा माणूस सायकलवर, सायकलच्या मागे एक दोन चाकांची छोटी गाडी जोडलेली, आणि तिच्यात एक केसाळ कुत्रा सरपंचासारखा बसलेला.

मी ते बाबांना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हा कुत्रा बिमार हाये का?"

"नाई बाबा. फिराले चालला."

"याले पाय नाई का?"

"हायेत. हौस म्हनून."

बाबांनी चित्र दूर धरलं, जवळ धरलं. मग म्हणाले, "कुत्रा जाते, तं वांगे काऊन नाई जानार?"

मी त्या रात्रीच आराखडा काढायला घेतला असता, पण कंदिलात तेल नव्हतं. सकाळी प्रयोगवहीतलं आलेखाचं पान फाडलं आणि पट्टी घेऊन गाडी काढली. रुंदी दोन फूट, म्हणजे बाजाराच्या आतल्या गल्लीतून थेट अडत्याच्या पायरीपर्यंत जाता येईल. लांबी तीन फूट. वजनाचा मध्य बरोबर आसावर यावा असं गणित करून तिथे तांबड्या शाईनं फुली मारली. खाली मोजमापाचं प्रमाणही लिहिलं. मला ते पान इतकं आवडलं की गाडी झाली नसती तरी चाललं असतं.

चाकं आणायला मी वर्ध्याला गेलो. स्टेशनकडच्या एका सायकल दुरुस्तीवाल्याकडे लेडीज सायकलची दोन जुनी चाकं टांगलेली होती. एकाची रिम गंजलेली, दुसऱ्याची जरा डोलणारी. मी त्याला पान दाखवलं. त्यानं हात पुसून ते पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, तुम्ही चाक एकाच बाजूनं खिळलं."

"बंडीचं तसंच असते ना."

"बंडीचा आस मनगटाएवढा असते. हा पहा, पेन्सिलीएवढा. सायकलच्या चाकाले दोन्ही बाजूनं धरा लागते. नाई तं पह्यल्याच खड्ड्यात वाकन." त्यानं सायकलचा चिमटा दाखवला. मी रोज त्या चिमट्यावर बसून कॉलेजात गेलो होतो. "हे कॉलेजात नाई शिकवत का?"

मी म्हटलं, शिकवतात, पण त्या दिवशी मी गैरहजर होतो. हे खोटं होतं. मी तिन्ही वर्षांत एकही दिवस गैरहजर नव्हतो.

गावी येऊन मी पान सुधारलं, प्रत्येक चाकाला दोन बाजूंनी दोन खुंट दाखवले, आणि ते आमच्या गावच्या मिस्त्रींकडे दिलं. मिस्त्री म्हणजे गावचे सुतार. त्यांनी पंचक्रोशीतल्या निम्म्या बंड्या केल्या होत्या. त्यांनी पान दोन्ही हातांनी घेतलं, खुंटांचं माझ्याकडून तोंडी समजून घेतलं आणि म्हणाले, "समजलं. तू बिनघोर राह्य."

त्याच आठवड्यात मला नागपूरला मुलाखतीचं बोलावणं आलं. दूरच्या मावशीकडे तीन दिवस राहिलो. मुलाखतीत मला प्रकाशाच्या परावर्तनाबद्दल विचारलं आणि मी बरोबर सांगितलं, एवढंच आठवतं. परत आलो तेव्हा मिस्त्रींच्या छपरापुढे अर्धं गाव जमलं होतं.

गाडी तयार होती. बाभळीची चौकट, बांबूच्या तट्ट्या, पुढे निघालेली लांब दांडी. काम देखणं होतं. फक्त ती बैलगाडीएवढी रुंद होती. दोन बारीक, नाजूक चाकं एकमेकांपासून इतक्या लांब उभी होती की त्यांचं भांडण झालं असावं असं वाटलं.

"मिस्त्री," मी म्हटलं, "येवढी रुंद काऊन केली?"

"चाकोरीच्या मापाची हाये," मिस्त्री म्हणाले. "काडी घेऊन रस्त्यावर गेलतो. रस्त्यावरच माप घेतलं. एक सूत इकडंतिकडं नाई."

"पन म्या कागदावर दोन फूट लिहून देल्लं होतं."

"कागद जपून हाये ना," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी हत्यारांच्या पेटीतून, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं माझं पान आणलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "येवढा चांगला कागद. घामाचे हात कायले लावू?"

माझ्या शिक्षणाचा त्यांच्याइतका मान कोणी ठेवला नसेल, आणि त्या मानापायीच गाडी पावणेपाच फूट रुंद झाली होती.

"दोन फुटाची केली असती," मिस्त्री मला समजावत होते, "तं एक चाक चाकोरीत उतरलं असतं, एक बाहेर राह्यलं असतं. गाडी तिरपी. तुह्ये सारे वांगे एका बाजूले. मंग म्हनला असता, मिस्त्रीनं बिघडवली."

"आन सायकल कुठून जाईन?"

"मधातून. बैल नाई जात का मधातून?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आले होते. "बरोबर हाये त्याहिचं," ते म्हणाले. "रस्ता आपल्याले थोडी बदलवता येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी घेतली. गाडीची दांडी कॅरिअरला दोरानं बांधली. कोहळ्यांची टोपली चढवली. मागून चढवायला सोपं म्हणून सगळी मागेच ठेवली गेली. काका ओट्यावर चहाची बशी घेऊन बसले होते. मी सायकलवर बसलो, पायडल मारलं. चाक फिरलं. आणखी मारलं. आणखी जोरात फिरलं. झाडं मात्र जागची हालेनात. मागं वळून पाहिलं तर गाडी मागच्या मागे बसली होती, दांडी वर गेली होती आणि तिनं सायकलचं मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचलून धरलं होतं.

"काय बी.एस्सी.," काका म्हणाले, "फाटा आला का?"

मग बाबांना म्हणाले, "बापू, बंडी उलार झाली हाये. मागचं वजन पुढं घ्या."

आम्ही सगळी टोपली पुढे सरकवली. आता चाक जमिनीला लागलं. लागलं कसलं, रुतलं. मी दहा हात गेलो असेन आणि कडाड असा आवाज होऊन कॅरिअर वाकून टायरवर बसलं.

"आता धुरजड झाली," काका म्हणाले. त्यांनी बशीतला चहा संपवला, कारण आता त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.

मी तोवर माझं पान काढून फुली कुठे आहे ते बघत होतो. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी दांडी सोडवली आणि एका बोटावर धरली. आईला म्हणाले, एक टोपलं मागं घे. मग म्हणाले, अजून एक, अर्धं. काका ओटा उतरून आले आणि शेवटचं टोपलं त्यांनी स्वतः चार बोटं सरकवलं.

"हां," बाबा म्हणाले. "आता पहा. एका बोटानं उचलाले पाह्यजे. पन बोट काढलं का खाली बसाले पाह्यजे." त्यांनी बोट काढलं. दांडी सावकाश, शहाण्या बैलासारखी खाली बसली.

घरी जाऊन मी मोजलं. माझी फुली आसाच्या बरोबर वर होती. बाबांचा मध्य आसाच्या चार बोटं पुढे होता. मी पानावर दुरुस्ती केली आणि कोणाला सांगितलं नाही.

त्या सायकलवाल्याकडे पुन्हा गेलो. त्यानं दांडी कॅरिअरऐवजी सीटच्या खालच्या नळीला जोडून दिली, मध्ये चामड्याची वादी आणि जुन्या ट्यूबचे पट्टे गुंडाळून, म्हणजे वळताना गाडी ऐकेल. त्यानं रुंदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही विचारलं नाही. त्याचे मी आजही आभार मानतो.

आता चाकोरीबद्दल. ज्यांनी काळ्या मातीचा रस्ता पाहिला नसेल त्यांना सांगतो. बंड्यांच्या चाकांनी तिथे दोन खोल, गुळगुळीत घळ्या पडलेल्या असतात, आणि त्यांच्या मधोमध एक वरंबा उरतो. घळ्या रुळासारख्या. वरंब्यावर गवत, धोंडे, शेण आणि सराटे. माझ्या गाडीची दोन्ही चाकं त्या घळ्यांतून लोण्यातून गेल्यासारखी जायची. वांग्याला धक्का लागत नसे. मी मात्र मधल्या वरंब्यावरून उड्या मारत चाललेला असायचो. गाडीच्या चाकांना एकदाही सराटा लागला नाही. सायकलच्या पुढच्या चाकाचे त्या उन्हाळ्यात किती पंक्चर काढले याची गणती नाही. मिस्त्री भेटले की विचारायचे, "कशी चालते?" मी म्हणायचो, "गाडी एक नंबर चालते." ते खरं होतं.

पहिल्या बाजाराला बाबा फाट्यापर्यंत माझ्या मागून चालत आले, एक हात गाडीच्या तट्टीवर ठेवून. बंडी चढावर असली की माणसं असा मागून हात लावतात. तिथे चढ नव्हता. फाट्यावरून ते एसटीनं पुढे गेले आणि मी घामाघूम होऊन बाजाराच्या दारापाशी पोचलो तेव्हा ते तिथे उभे होते. मी गाडीसकट आत शिरायला लागलो. दारावरच्या चौकीदारानं काठी आडवी धरली.

"ए, बंडी आत नाई. बंडी बाहेर लाव."

मी खाली उतरलो. शिकलेला माणूस होतो, मुद्देसूद बोलायला लागलो. "साहेब, ही बंडी नाई. ही सायकल हाये. सायकलले आत जाची मुभा हाये. हे पहा, घंटी."

चौकीदारानं घंटीकडे पाहिलं, मग मागच्या पावणेपाच फुटांकडे पाहिलं. तो डोकं खाजवायला लागला. आणखी एका मिनिटात मी जिंकलो असतो. तेवढ्यात बाबांनी माझी बाही ओढली.

"भांडू नको."

"पन बाबा, हा..."

"बंडी म्हनून राह्यला तो," बाबा हळूच म्हणाले. "सरकारी मानूस बंडी म्हनून राह्यला. बाहेर लावू."

आम्ही गाडी बाहेर, बंड्यांच्या रांगेत लावली. डाव्या हाताला सेलूकडची एक बंडी, उजव्या हाताला आणखी कोणाची. मग टोपली डोक्यावर घेऊन आम्ही सहा फेऱ्या मारल्या. ज्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून मी दोन फूट लिहिलं होतं, त्या साऱ्या. प्रत्येक फेरीला परत येताना बाबा त्या रांगेकडे बघत. तिसऱ्या फेरीला सेलूच्या गाडीवानानं विचारलं, "बैल कुठी सोडले, भाऊ?" बाबांनी मान माझ्याकडे वळवली. "तो काय, टोपलं घेऊन चालला."

तिथून मी बैल झालो. आमच्या बंडीचा बैल बी.एस्सी. आहे ही बातमी आमच्या आधी गावात पोचली होती. आईला कोणी नदीवर विचारलं की तुह्या बैलाले ढेप चारतं का सरकी, तर ती म्हणायची, "त्याले पोहे लागते."

पावसाळा लागला आणि महिनाभर सगळं थांबलं. काळी माती मडगार्डात अशी भरायची की सायकल खांद्यावर घ्यावी लागे, आणि गाडी तर घ्यायला खांदाच नव्हता. मडगार्ड काढून टाकली. मग श्रावणात उघडीप मिळाली, रस्ता वाळून घट्ट झाला, आणि आम्ही परत निघालो. त्या सगळ्या महिन्यांत बाबा काकांच्या ओट्यावर गेले, पण आभाळाचं बोलून सरळ परत आले. फाटकापाशी वळले नाहीत. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा काका फाटकापर्यंत त्यांच्या मागे आले होते, काही विसरलं की काय म्हणून.

पोळा आला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. नदीवर धुऊन आणलेल्या बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावून पळसाच्या पानानं शेकतात, वर्षभर जू घेऊन ते खांदे दुखावलेले असतात. आणि त्यांच्या कानाशी आमंत्रण देतात, उद्या जेवायला या म्हणून. तट्ट्यापलीकडे काकांच्या गोठ्यात ते चाललं होतं. इकडे बाबांनी गाडी धुतली होती, सायकलही धुतली होती, आणि वाटीत लोणी-हळद घेऊन अंगणात बसले होते. मला वाटलं, आता हे सीटच्या नळीला लावणार. वंगण म्हणून ते वाईट नव्हतं.

"इकडं ये," बाबा म्हणाले. "पाय सोड."

"मले काऊन?"

"बस म्हनलं ना."

आई दारात येऊन उभी राहिली. बाबांनी माझी पँट गुडघ्याच्या वर सारली. "बैलाचा खांदा दुखते," ते म्हणाले, "याचा खांदा म्हंजे गुडघे." आणि त्यांनी माझ्या दोन्ही गुडघ्यांना लोणी-हळद लावली, पळसाचं पान चुलीच्या आरावर धरून गरम केलं आणि शेकायला लागले. आई पदरात हसत होती. मीही हसायला लागलो, कारण बाबांच्या हातानं गुदगुल्या होत होत्या. ते मात्र हसले नाहीत. ते काम नीट, बैलाचं करतात तितकं नीट करत होते. मग माझ्या कानाजवळ वाकले.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

बाबा मला एरवी अरेतुरे करत, चिडले की बे म्हणत. पण आमंत्रण द्यायचं ते मानानंच द्यावं लागतं, बैलालाही. त्यांनी मला अहोजाहो केलं ते आयुष्यात तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र माझा धीर सुटला. बाबांनी गाडीवर आईच्या जुन्या लुगड्याची झूल घातली होती, हँडलला बाशिंग बांधलं होतं, चाकांच्या आऱ्यांतून झेंडूच्या माळा ओवल्या होत्या. मी म्हटलं, "बाबा, लोक हासतीन."

"हासू दे. पोयाच्या दिवशी नाई हासाव तं कवा हासाव?"

बाबांनी सकाळीच बांधलेलं तोरण मैदानावर डोलत होतं. जोड्या रांगेत उभ्या होत्या. आम्ही शेवटी जाऊन उभे राहिलो, बाबा सायकल धरून, मी बाजूला. मग एक म्हातारे म्हणाले, "बापू, पोया बैलाचा असते." ते रागानं म्हणाले नाहीत. त्यांना खरोखर काळजी वाटत होती की काही चुकत तर नाही ना. सगळ्यांनी पुढे पाहिलं. पुढे मानाची जोडी होती, ती काकांची.

काका आपल्या बैलांच्या मधून वळले. आमच्याकडे पोळ्याला झडत्या म्हणतात. झडती म्हणजे एकमेकांच्या बैलांना, माणसांना मारलेले टोमणे, जुळवून, मोठ्या आवाजात. काकांनी एक हात कानावर ठेवला.

"दोन चाकं मागं, दोन चाकं पुढं,
बैल गेला कालेजात, गाव झालं येडं.
चारा नाई खात, पानी पिते गिलासात,
असा बैल पाह्यला नाई अख्ख्या जिल्ह्यात.
हर बोला, हर हर महादेव."

सगळं मैदान महादेवाच्या नावानं गरजलं. म्हातारेही गरजले. ज्याला बैल नाही त्याच्यावर आमच्याकडे झडती म्हणत नाहीत, कारण टोमणा मारायला त्याचं काही नसतंच. बाबांवर त्या दिवशी पहिली झडती पडली. उलट टोमणा मारायची रीत आहे, पण बाबांनी कधी तयारीच केली नव्हती. ते नुसते हसत राहिले. मानाची जोडी तोरणाखालून गेली, मागोमाग बाकीच्या जोड्या निघाल्या आणि सगळ्यांच्या मागून, आपणच बांधलेल्या तोरणाच्या दोरीखालून, बाबा आपली बंडी घेऊन पलीकडे गेले. मी घंटी वाजवली.

ऊन उतरताना काका आमच्या अंगणात आले. ते आमच्याकडे येत नसत असं नाही, पण बसत नसत. त्या दिवशी खाटेवर बसले. "आभाय भरून आलं," म्हणाले. आभाळ स्वच्छ होतं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं आणि मान डोलावली. काकांनी तंबाखू मळली. मग आमच्या वांग्यावरच्या किडीची चौकशी केली. मग माझ्या नोकरीची. आत चुलीपाशी आईनं माझ्या हाताला चिमटा काढला. तिलाही कळलं होतं. बाबांना तर पहिल्याच वाक्याला कळलं असणार, पण ते किडीबद्दल सावकाश, सविस्तर सांगत राहिले.

शेवटी काका उठले. फाटकापाशी गेले. वळले.

"बापू," ते म्हणाले, "उद्या बंडी मोकळी हाये का? पोरगी येऊन राह्यली समुद्रपुराहून, सकाळच्या गाडीनं. ट्रंक हाये, नातू हाये. आन उद्या तान्हा पोया, बैलाच्या मानेवर जू ठेवता येत नाई."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल मिरवतात, तोच तान्हा पोळा, आणि खऱ्या बैलांना विश्रांती असते. गावातल्या साऱ्या बंड्या उद्या उभ्या राहणार होत्या. चालणारी एकच होती.

बाबांनी अंगणातल्या आपल्या बंडीकडे पाहिलं. "हाये ना," ते म्हणाले. "घेऊन जा ना, दादा. पन..."

आईचा चुलीपुढचा हात थांबला.

"पन काय?" काका म्हणाले.

"पन उद्या आमच्याबी बैलाले सुट्टी असते."

काका फाटकाला धरून उभे होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग दारात आलेल्या माझ्याकडे, माझ्या गुडघ्यांकडे. मग ते हसायला लागले आणि हसता हसता परत येऊन खाटेवर बसले.

"कुठी शिकला बे हे?"

"तुमच्याच ओट्यावर," बाबा म्हणाले, आणि आत वळून चहा ठेवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी न घेता गेलो. फाट्यावर काकांची लेक उतरली. ट्रंक आसाच्या चार बोटं पुढे ठेवली, दांडी एका बोटावर धरून पाहिली. ट्रंकेवर नातवाचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल उभा केला. नातू स्वतः आईचं बोट धरून चालत होता आणि बैल पडतो की काय म्हणून सारखं पाहत होता. बैल हललासुद्धा नाही. चाकं घळ्यांतून गुपचूप जात होती, मी वरंब्यावरून उडत होतो.

बाबांचं त्या दिवशी फाट्यावर काही काम नव्हतं. तरी ते आले होते, आणि परतीच्या सबंध कोसभर, सपाट रस्त्यावर, गाडीच्या तट्टीला मागून हात लावून चालत होते.